क्लब हाउसची किल्ली कोणाकडे? (सोसायटी ग्रुप, शनिवार संध्याकाळ ते रविवार सकाळ)

शनिवार

सायं. ५:१० तन्वी (बी-४०२): सर्वांना नमस्कार 🙏 आज ७ ते उद्या सकाळी ७ आम्ही आठ जण क्लब हाउसमध्ये जागणार आहोत. कॅरम, बुद्धिबळ, अंताक्षरी, सगळं लाइव्ह. पैसे थेट रत्नागिरी जिल्ह्यात कासवांची घरटी राखणाऱ्या संस्थेला. लिंक पिन केली आहे. ५०० ला एक फर्माईश. १००० ला ओंकार कच्चं कारलं खाणार.

५:१४ ओंकार (सी-६०१): हे माझ्याशी बोलणं झालेलं नाही.

५:२२ सी-२०३: आपण जागलो म्हणून कासवं कशी वाचतात, कोणी सांगेल का? पैसे काय दुपारी चारलाही देता येतात.

५:२५ तन्वी: काका, दुपारी चारलाच मागितले होते, गेल्या महिन्यात. तिघांनी दिले 😄 जागरण म्हटलं की लोक बघायला तरी येतात.

५:३१ सेक्रेटरी: परवानगी दिलेली आहे. अटी: दहानंतर स्पीकर नाही, गच्चीवर कोणी जायचं नाही, सतरंज्या झटकून जागेवर. क्लब हाउसची किल्ली कोणाकडे आहे?

५:४८ खजिनदार: तीन गोष्टी, मग फोन करू नका.
एक, पैसे पोरांच्या खात्यात येणार नाहीत. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच आहे, मी स्वतः एक रुपया टाकून नाव तपासलं.
दोन, देणगीवर करात वजावट हवी असेल तर पॅन द्या. संस्था देणगीचा दाखला देईल, तो पुढच्या मे अखेरपर्यंत येतो, उद्या सकाळी मागू नका. नवीन कररचना घेतली असेल तर वजावट मिळतच नाही. २००० च्या वर रोख दिलं तर जुन्यातही नाही.
तीन, परदेशी पासपोर्ट असलेल्या नातेवाइकांना लिंक पाठवू नका. परदेशी देणगी घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी या संस्थेकडे नाही.

५:५५ ए-१०४ काकू: अहो, आमचा न्यू जर्सीचा १०० डॉलर देतो म्हणतोय!

५:५७ खजिनदार: त्याचा पासपोर्ट कुठला?

५:५८ ए-१०४ काकू: अमेरिकेचा झाला ना गेल्या वर्षी. पेढे वाटले होते.

६:०१ खजिनदार: मग नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी नाही. कायद्यात तो परदेशी निधी होतो. दुबईचा भाचा भारतीय पासपोर्टवर आहे, त्याचं चालेल. आणि वहिनी, मुलाचे पैसे तुमच्या खात्यातून फिरवूनही नकोत.

६:०४ ए-१०४ काकू: फिरवतंय कोण? मी माझ्या पेन्शनमधून देते. त्याला म्हणावं, तू पेढेच खा.

७:४० सी-२०३: बघतोय. कॅरमवर कॅमेरा वरून लावला आहे, राणी दिसत नाही. आणि या पैशाचं तिथे नेमकं करतात काय?

७:५२ तन्वी: काका, मादी रात्री वर येते, दीड-एक फूट खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि लगेच समुद्रात परत. पुढे आई नाही, बाप नाही. कोल्हे, कुत्री, घोरपडी वास काढत येतात. म्हणून गावातले कासवमित्र पहाटे किनारा चालतात, पायांचा माग बघून घरटं शोधतात, अंडी काढून जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात ठेवतात. पन्नासेक दिवस. पिल्लं निघायच्या वेळी वर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. जाळी, बांबू, लाल बॅटऱ्या, चालणाऱ्याचं मानधन, यात पैसे जातात.

७:५५ सी-२०३: लाल बॅटरी का?

७:५६ तन्वी: पांढऱ्या उजेडाने मादी बिचकते, वर न येताच परत जाते. पिल्लं तर जिकडे उजेड तिकडे जातात. समुद्राच्या बाजूचं आभाळ उजळ असतं म्हणून त्यांना पाणी सापडतं. मागे रिसॉर्टचा दिवा असेल तर रस्त्याकडे.

८:१० सेक्रेटरी: रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला आम्ही गेलो आहोत, कासवं बघायला. नाना फडणवीसांचं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ ला तिथे काम सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सव. घरोघरी राहायची सोय, उकडीचे मोदक अप्रतिम.

८:११ ओंकार: काका, कासव दिसलं का?

८:१३ सेक्रेटरी: आम्ही गेलो त्या दिवशी टोपलीखाली काही नव्हतं. मोदक होते.

१०:०५ ए-१०४ काकू: दहा वाजले. स्पीकर.

१०:०६ तन्वी: बंद केला काकू 🙏 आत्तापर्यंत ३१,२००. ओंकारची चार कारली झाली.

रविवार

रा. १:४२ ओंकार: लाइव्ह बंद पडलं!! अंताक्षरीत कोणीतरी कराओके ट्रॅक लावला, गाण्याच्या हक्काची नोटीस आली. ९० लोक बघत होते, सगळे गेले.

१:४४ सेक्रेटरी: मी जागाच आहे. टाळ्या वाजवून गा म्हणावं.

१:५८ तन्वी: परत सुरू केलं. ११ जण. त्यातले चार आम्हीच.

२:२० ओंकार: ए-१०१ च्या आजी शाल घेऊन खाली आल्यात. झोप येत नाही म्हणतात. कॅमेऱ्यासमोर बसवलंय. सगळ्यांनी बघा प्लीज.

२:४१ सी-२०३: आजी काय बोलतायत ऐकताय का कोणी?

२:४३ सेक्रेटरी: ऐकतोय. हेडफोन लावून. मिसेस झोपल्यात.

२:५० ए-१०४ काकू: मला उठायला उशीर झाला. काय सांगितलं?

२:५६ सी-२०३: त्यांचं माहेर गुहागर तालुक्यातलं. लहानपणी भाऊ पहाटे पुळणीवर जायचा. वाळूत ट्रॅक्टर गेल्यासारखा माग दिसला की शेवटाशी काठी खुपसायची. काठी भसकन आत गेली की तिथे अंडी. टोपली भरून घरी. टेबलटेनिसच्या चेंडूएवढी, कवच चामड्यासारखं. कितीही उकडा, पांढरं घट्ट होतच नाही म्हणाल्या. मीठ लावून खायचो, कोणी पाप म्हणायचं नाही.

२:५९ तन्वी: लाइव्हवर एकाने लिहिलं, लाज नाही वाटत का. आजींनी मला वाचायला लावलं. म्हणाल्या, वाटते ना, म्हणून तर सांगते, पण तेव्हा भूक वाटायची.

३:०१ तन्वी: २१४ जण बघतायत.

३:२० खजिनदार: गेल्या तासात १८,०००. संध्याकाळपासूनच्या कोणत्याही तासापेक्षा जास्त. कारली बंद केली तरी चालेल.

३:२१ ओंकार: धन्यवाद काका.

३:३५ ओंकार: आजींना ०३२३३ ची गोष्ट सांगितली. २०२१ ला ओडिशात टॅग लावलेली मादी, २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. साडेतीन हजार किलोमीटर. आजी म्हणाल्या, कुठल्या पुळणीवर? मला नाही सांगता आलं.

४:०५ ए-१०१ आजी: मी बोलून टाईप करते आहे मुलं चांगली आहेत पण चहात साखर फार घालतात माझा भाऊ आता नाही त्याचा नातू तिकडेच असतो तो हल्ली कासवाचा माग दिसला की फोन करतो वनखात्याला पूर्वी माग पुसायचे दुसऱ्याला कळू नये म्हणून

४:०७ ए-१०१ आजी: आता झोपते

सकाळी ७:०५ तन्वी: संपलं. एकूण ८६,४५०. लाख धरला होता. तरी 🐢

७:२० खजिनदार: आकडा संस्थेच्या खात्याशी ताडून बघून मगच नोटीस बोर्डवर लावेन. तोवर कोणी स्टेटसला टाकू नका. ए-१०१ आजी, तुमचे २०० आले, रोख, वॉचमन मामांकडे. पावतीसाठी पॅन पाठवा.

७:२२ तन्वी: सॉरी, टाकून झालं.

८:४० ए-१०१ आजी: पॅन नको पावतीवर माझ्या माहेरच्या गावाचं नाव घालता येईल का

८:५२ खजिनदार: तसा रकाना नाही आजी. मी पेनाने लिहून देतो.

९:१५ सेक्रेटरी: सतरंज्या सहा होत्या, पाचच आहेत. स्ट्रायकरही नाही. किल्ली कोणाकडे आहे?