गाडीचं बॉनेट उघडताना : तुमचे अनुभव (अनुभव धागा)

वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्या कितीतरी लोकांनी बॉनेट स्वतः कधीच उघडलेलं नसतं. वॉशरचं पाणीसुद्धा सर्व्हिसिंगला भरून मिळतं. मग गाडी घाटात रुसते आणि तिथे पहिला धडा सुरू होतो. म्हणून हा धागा. ऐकीव नको, स्वतः केलेलं किंवा डोळ्यांनी पाहिलेलं लिहा.

नवख्यांसाठी एवढंच : डॅशबोर्डखाली, बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्यापाशी, एक खटका असतो. तो ओढला की बॉनेट जरासं उचकतं, उघडत नाही. पुढच्या फटीत बोटं घातली की दुसरी कडी लागते. ती कुठे वर ढकलायची असते, कुठे बाजूला सरकवायची. ही कडी घरी, उजेडात, थंड गाडीवर एकदा शोधून ठेवा. मग बॉनेट उचला, त्याला टेकू देणारी दांडी तिच्या खाचेत नीट बसवा आणि हलवून बघा.

घाटवळण

मे महिना, दुपारची वेळ, चिपळूणहून कऱ्हाडला निघालो होतो. कुंभार्ली घाट अर्धा चढलो आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागला. एसी बंद केला, रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली. बॉनेटच्या कडांमधून वाफ येत होती. मावसभाऊ बिसलेरीची बाटली घेऊन पुढे धावला, रेडिएटरचं झाकण उघडायला. तेवढ्यात मागून आलेला वडापवाला (शेअर जीपचा ड्रायव्हर) ओरडला, "ओ पाव्हणं, हात लावू नका! आधी निवू द्या तिला."

त्याने आम्हाला सगळ्यांना गाडीपासून लांब, सावलीत बसवलं. वाफ पूर्ण थांबली तरी बराच वेळ काही करू दिलं नाही. मग हाताची मागची बाजू बॉनेटजवळ नेऊन धग बघितली, तेव्हा कुठे खटका ओढला. झाकणाला अजून हात लावायचा नव्हताच. आतलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही; झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं एकदम तोंडावर उसळतं. इंजिन पार थंड झाल्यावर त्याने जाड टॉवेल टाकून, तोंड बाजूला धरून, झाकण थोडंसं फिरवलं. फुस्स आवाज संपेपर्यंत थांबला, मग पूर्ण काढलं. मावसभावाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता.

शेवग्याची शेंग

बायकांसाठी खास : वाकण्याआधी ओढणी काढून ठेवा, वेणी मागे बांधा, लांब मंगळसूत्र आत खोचा. गाडी बंद असली तरी रेडिएटरचा पंखा आपोआप फिरू शकतो. आमच्या गाडीचा, किल्ली माझ्या हातात असताना, गर्रकन सुरू झाला होता. पुरुषांनीही हसू नये. हातातलं धातूचं कडं बॅटरीच्या दोन टोकांना एकदम टेकलं तर काय ठिणगी उडते ते शेजारच्या काकांना विचारा.

पक्कड-पाना

माझं गॅरेज आहे, म्हणून जरा अधिकाराने लिहितो.

लोक उघडताना घाबरतात आणि बंद करताना निष्काळजी असतात. दांडीवालं बॉनेट दोन्ही तळव्यांनी दाबून बंद करू नका, पत्र्याला पोचा पडतो. दांडी खाचेतून काढून तिच्या मूळ जागेवर बसवा, बॉनेट साधारण फूटभर उंचीवर आणा आणि सोडून द्या. दांडीऐवजी बॉनेट तोलून धरणाऱ्या गॅसच्या नळ्या असलेलं मात्र खाली ओढून दाबावं लागतं. नंतर पुढची कड उचलून बघा. हलली तर पहिलं लॉक लागलेलं नाही, गाडी फक्त दुसऱ्या कडीवर आहे.

हायवेवर बॉनेट फडफडताना दिसलं तर वेग हळूहळू कमी करा, इंडिकेटर द्या, कडेला या. उडून काचेवर आलंच तर कचकन ब्रेक मारू नका. डॅशबोर्डलगत खाली फट उरते, तिच्यातून बघा किंवा बाजूच्या खिडकीतून. किनारपट्टीवाल्यांनी कडीला वरचेवर ग्रीस लावावं, खाऱ्या हवेत ती गंजून अडकते.

आणि एक. जळका वास आणि काळा धूर येत असेल तर बॉनेट सताड उघडू नका. हवा मिळाली की आग भडकते. सगळ्यांना उतरवून लांब न्या, १०१ किंवा ११२ लावा. आग अगदी किरकोळ असेल आणि हाताशी अग्निशामक असेल तर नळी फटीतून आत मारायची. नाहीतर गाडी जाऊ द्या, विम्याचं नंतर बघू.

अनिवासी वांगं

इकडे शिकागोत खटका डाव्या गुडघ्यापाशी. थंडीत सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारतो, उबेला मांजर शिरलेलं असू शकतं. वारा सुटला असेल तर बॉनेट एका हाताने धरूनच काम करतो. झोताने ते दांडीवरून उचललं जातं आणि खाली तुमचं डोकं असतं.

शेवग्याची शेंग

@अनिवासी वांगं, पुण्यात मांजर नाही, उंदीर. पावसाळ्यात वायरी कुरतडतात. थापा मात्र त्याच.

सातबारा

आमच्या जुन्या ओम्नीला यातलं निम्मं लागू नाही. इंजिन पुढच्या सीटखाली. ऑइल बघायचं म्हणजे आधी आईला उठवायचं, आणि ती विचारणार, "आत्ताच बघायचं होतं का?"