मदत हवी आहे: मॉनिटर जोडला की लिनक्स लॅपटॉप गोठतो

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात जॅकार्ड चादरींची डिझाइनं करतो, नक्षीचा एकेक चौकोन बघायला मोठा पडदा लागतोच. उबंटू २४.०४ आहे, ग्राफिक्स दोन, प्रोसेसरमधलं आणि वेगळं कार्ड. एचडीएमआय केबल खोचली की दोन सेकंदांत कर्सर थिजतो, कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नाही. मग पॉवर बटण दाबून धरायचं. काल अर्धी किनार अशीच गेली, फार जिवाला लागलं. केबल बदलली, पडद्यावर चित्र दाखवणारी यंत्रणा वेलँडऐवजी एक्सऑर्ग निवडली, फरक नाही. केबल आधीच लावून लॅपटॉप सुरू केला तर मात्र नीट चालतो! जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) मागच्या बूटच्या शेवटच्या ओळी नूव्हो ड्रायव्हरच्या (एनव्हिडिया कार्डांसाठीचा मुक्त ड्रायव्हर) आहेत. कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर टाकू, की आधी कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलू? सिक्युअर बूट (सुरू होताना सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू आहे, त्याची अडचण येईल का? शुक्रवारी कारखान्यात नमुना द्यायचाय.