केळीच्या खेळाला युनिटी कशाला?

भाऊ, शेतातले केळीचे घड ट्रकमध्ये भरायचा साधा टूडी खेळ ब्राउझरसाठी, तोही फावल्या वेळात, कशात करू असं तुम्ही विचारलंत. त्याला कुणी सुचवलेलं युनिटी (खेळ बनवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे गेम इंजिन) मला जड वाटतं. रिकामा प्रकल्पसुद्धा वेबसाठी काढला की काही एमबींचा होतो. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे बांधावर बसून मोबाइलवर खेळणारा तेवढा थांबतो होय!

फेझर घ्या, ब्राउझरमधल्या खेळांसाठीची जावास्क्रिप्ट लायब्ररी (तयार कोडचा संच). २०१३ पासून आहे, फुकट आहे. स्प्राइट (खेळातली हलती चित्रं), टक्कर, आवाज सगळं तयार मिळतं. कोड बदलला, पान रिफ्रेश केलं की बदल समोर. (पहिल्या स्पर्शाआधी आवाज वाजत नाही, तो ब्राउझरचा नियम. फेझरला शिव्या देऊ नका.)

जावास्क्रिप्ट बरी येत असेल तर लायब्ररीही नको, नुसता कॅनव्हास (ब्राउझरमधलीच चित्र काढायची सोय) पुरतो. जेएस१३के स्पर्धेत लोक अख्खा खेळ १३ किलोबाइटच्या झिपमध्ये बसवतात, त्यांचा कोड वाचा. गोडो हे फुकट गेम इंजिनही चांगलं, पण त्याच्याच जीडीस्क्रिप्ट भाषेत लिहा. गोडो ४ मध्ये सी-शार्प भाषेत लिहिलेला खेळ वेबसाठी काढायची वाट अजून धड नाही.

एका कंपनीच्या प्लगइनवर (ब्राउझरला वेगळं जोडायचं सॉफ्टवेअर) मात्र विसंबू नका. २०२० संपताना अडोबीने फ्लॅश हे तसलंच प्लगइन बंद केलं आणि हजारो खेळ ब्राउझरमधून गेले. आधी एकच घड, एकच ट्रक हलवून दाखवा, मग लिंक टाका. खेळून बघतो.