शब्दचर्चा: 'बायोमार्कर'ला काय म्हणायचं, आणि घोडा 'दमलाय' की घोड्याला 'दमा' आहे

मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी, एका शब्दावर अडलेय, आठवडा झाला सुटत नाहीये म्हणून इथे टाकतेय. घोड्याच्या दम्यावर चार पानी माहितीपत्रक मराठीत करायचंय, पुण्याजवळच्या एका रायडिंग स्कूलमध्ये घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांसाठी. म्हणजे वाचणारे लोक घोडा माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ओळखतात, पण 'बायोमार्कर', म्हणजे आजाराचा सुगावा देणारी, शरीरात मोजता येणारी गोष्ट, हा शब्द त्यांच्या कानावरून कधी गेलेला नाही. आणि मूळ मजकुरात तर तो पानोपानी आहे. रक्तातला बायोमार्कर, श्वासातला बायोमार्कर, फुप्फुसातून काढलेल्या पाण्यातला बायोमार्कर.

आधी मी 'जैवचिन्हक' लिहिलं. एका मोतद्दाराला वाचून दाखवलं तर तो मान हलवत राहिला, पण ती मान कळल्याची नव्हती. मग 'जैवसूचक' बघितलं, पण तो शब्द पर्यावरणवाल्यांनी आधीच घेतलाय, हवा स्वच्छ आहे का ते झाडावरच्या दगडफुलावरून कळतं तेव्हा दगडफूल हे जैवसूचक. 'दर्शक' म्हणावं तर शाळेतली हळद आठवते, साबण लागला की लाल होणारी. शेवटी साधा 'खूण' शब्द मनात आला. 'रक्तातली खूण'. ऐकायला छान वाटतं, पण शास्त्राच्या मजकुरात चालेल का? की फार ढिला शब्द आहे? सांगा प्लीज.

प्रतिसाद १

ताई, 'खूण' ढिला नाही, उलट माझ्या मते तो जरा जास्तच घट्ट आहे. आपण 'खूण पटली' म्हणतो तेव्हा शंका संपलेली असते. अंगठी दाखवली, खूण पटली, माणूस तोच. आता रक्तातला एखादा आकडा वाढला म्हणजे दमाच, अशी खूण पटते का? पटत नसेल तर 'खूण' लिहून तुम्ही वाचणाऱ्याला नको तेवढी खात्री द्याल. दुसरं म्हणजे 'खूण' मुद्दाम केलेलीही असते, डोळ्याने खूण केली वगैरे. म्हणून मागे 'मोजता येणारी' जोडा. बायोमार्करची व्याख्या मुळात तीच आहे, अंदाजाने नाही, मोजून सांगता येणारी गोष्ट.

प्रतिसाद २

मी व्हेट आहे, घोड्यांचंच काम करतो. वरच्यांचा मुद्दा अगदी बरोबर आहे म्हणून सविस्तर लिहितो.

घोड्याच्या दम्याचं नावच आधी अनेकदा बदललंय. पूर्वी माणसासारखं सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचा अरुंद होण्याचा जुनाट आजार, म्हणायचे, ते सोडलं कारण माणसाचा सीओपीडी बराचसा सिगारेटचा आणि तो फारसा मागे फिरत नाही, घोड्याचं तसं नाही, धूळ काढली की घोडा सुधारतो. मग आरएओ आलं, म्हणजे पुन्हा पुन्हा श्वासनलिका आवळणं. सौम्य प्रकाराला वेगळं नाव होतं, आयएडी, म्हणजे श्वासमार्गाचा दाह. २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात हे सगळं 'इक्वाइन अस्थमा' या एका छत्रीखाली घ्यावं असं ठरलं, त्यात सौम्य ते मध्यम आणि गंभीर असे भाग. गंभीर ओळखायला लॅब लागत नाही हो, उभ्या उभ्या नाकपुड्या फुलतात, श्वास सोडताना पोट आत ओढलं जातं आणि पोटाच्या कडेला बरगड्यांमागे स्नायूची एक तिरकी रेघ उमटते. विश्रांतीतला निरोगी घोडा मिनिटाला साधारण ८ ते १६ श्वास घेतो, ते तुम्ही लांबूनही मोजू शकता.

अडचण सौम्य प्रकाराची आहे. उभा असताना काहीच दिसत नाही, कधीतरी एखादा खोकला, बाकी फक्त काम कमी पडतं आणि कामानंतर श्वास लवकर खाली येत नाही. तिथे फुप्फुस धुऊन बघावं लागतं, पेशी मोजाव्या लागतात. त्या पेशींत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी निरोगी घोड्यात ५ टक्क्यांपर्यंत, सौम्य दम्यात १० च्या वर, गंभीर दम्यात २५ च्याही वर जातात. मास्ट पेशी आणि इओसिनोफिल या दाहातल्या दुसऱ्या पेशी पण मोजतात. आता प्रत्येक घोड्याचं फुप्फुस कोण धुणार, म्हणून रक्तातून किंवा श्वासातून कळेल अशी खूण शोधायची धडपड चाललीय. आजपर्यंत एकाही खुणेने धुण्याची जागा घेतलेली नाही. हे वाक्य पत्रकात नक्की घाला.

मूळ लेखिका

डॉक्टर, खूप आभार, पण आता दुसरा शब्द अडला! 'फुप्फुस धुणं' ठीक आहे पण बाहेर जे पाणी येतं त्याला काय म्हणू? मजकुरात 'श्वासनलिका-वायुकोश प्रक्षालन द्रव' असं मीच करून ठेवलंय आणि आता मलाच ते वाचवत नाहीये.

मी ती तपासणी एकदा जवळून बघितलीय म्हणून सांगते. घोडी गुंगीच्या इंजेक्शननंतर मान खाली टाकून उभी, नाकातून लांब नळी आत सरकवत नेली, मध्ये खोकला आला तर बधिर करायचं औषध नळीतून सोडलं, आणि नळी पुढे जाईना अशा जागी पोचल्यावर मोठ्या सिरिंजने पाव लिटर सलाईन आत आणि लगेच ओढून परत बाहेर. जेवढं घातलं तेवढं येत नाही. जे आलं ते ढगाळ होतं आणि बाटलीत वर फेस, अगदी ताक घुसळल्यावर कडेला बसतो तसा. डॉक्टर म्हणाल्या फेस आहे म्हणजे नमुना चांगला, खोलवरचा आहे.

प्रतिसाद ३

धुवण! तांदळाचं धुवण म्हणतो तसं फुप्फुसाचं धुवण. एखादी वस्तू धुतल्यावर तिचा अंश घेऊन आलेलं पाणी, हाच तर त्या शब्दाचा अर्थ आहे, आणि आजीच्या औषधात तांदळाचं धुवण टाकून द्यायचं नसतं, वापरायचं असतं. 'प्रक्षालन द्रव' म्हणून तीन अक्षरं जास्त खर्च करून आपण काय मिळवतो? फक्त 'धुणं' लिहू नका, ते दांडीवर वाळत घालतात.

प्रतिसाद २ मधला व्हेट, पुन्हा

धुवण फारच चांगला शब्द, मी आजपासून वापरणार. आणि तो फेस लक्षात ठेवा, कारण खुणेची गोष्ट तिथेच येते. फेस ज्या पदार्थामुळे होतो तो वायुकोशांना आतून पातळ थरासारखा असतो, त्यामुळे श्वास सोडल्यावर ते मिटून चिकटत नाहीत. त्याच थरातलं एक प्रथिन म्हणजे सर्फॅक्टंट प्रोटीन डी. फुप्फुसाला दाह झाला की ते पाझरून रक्तात येतं, म्हणून रक्तात मोजता येतं. काही अभ्यासांत दम्याच्या घोड्यांत ते जास्त सापडलं, पण निरोगी आणि आजारी घोड्यांचे आकडे एकमेकांत मिसळतात, एका आकड्यावर रेघ मारून अलीकडे निरोगी पलीकडे दमा असं करता येत नाही. हॅप्टोग्लोबिन आणि सीरम अमायलॉइड ए ही रक्तातली प्रथिनं तर शरीरात कुठेही दाह झाला की वाढतात, जखम झाली तरी, ऑपरेशन झालं तरी. श्वासाची वाफ थंड करून तिचं पाणी तपासतात, रक्तातले मायक्रोआरएनए नावाचे बारीक रेणू बघतात. शोध सगळीकडून चालू आहे.

यातच दोन शब्द येतील, सेन्सिटिव्हिटी (आजारी घोडे किती सापडतात) आणि स्पेसिफिसिटी (निरोगी घोडे किती बरोबर वगळले जातात). कृपा करून 'संवेदनशीलता' आणि 'विशिष्टता' लिहू नका, संवेदनशील म्हणजे हळव्या मनाचा घोडा असं वाटेल.

मूळ लेखिका

त्यासाठी मी शब्द करतच नाही, वाक्यच लिहिते: 'चांगल्या खुणेतून आजारी घोडा सुटत नाही आणि निरोगी घोडा अडकत नाही.' चालेल?

प्रतिसाद १

ताई, हे 'चालेल' नाही, हेच हवं. सुटणं आणि अडकणं. माझी 'खूण'बद्दलची हरकतही इथे मिटली, कारण तुम्ही खूण चांगली-वाईट असू शकते हे त्याच वाक्यात सांगताय.

प्रतिसाद ४

उशिरा आलो पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझे वडील मिरजेला टांगा चालवायचे. आमच्याकडे 'घोडं' म्हणायचे, घोडा नाही. आमच्या एका घोडीला चढाला धाप लागायला लागली, शिव्याशाप नाही, चाबूक नाही, वडील जिवापाड जपायचे तिला. सगळे म्हणाले घोडं दमलंय, वय झालं, विश्रांती द्या. मग तिला आत बांधली, बाहेर काढायची नाही, समोर जाळीत सुकं गवत आणि तोंडाला चंदीचा तोबरा. दोन महिन्यांत ती उभ्या उभ्या धापा टाकायला लागली, बरगड्या लोहाराच्या भात्यासारख्या. आम्हाला वाटलं विश्रांती कमी पडली, अजून दिली. आज तुमचं वाचताना कळतंय की आम्ही तिला धुळीतच कोंडून ठेवलं होतं. 'दमलंय' या एका शब्दाने आम्ही फसलो. म्हणून त्या पत्रकात दमणं आणि दमा यांचा फरक पहिल्या पानावर टाका, बायोमार्कर मागे गेला तरी चालेल.

मूळ लेखिका

काका, वाचून गलबलून आलं. आणि शब्दाच्या दृष्टीनेही तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. दमा हा फारसीतल्या दम म्हणजे श्वास यातून आला, दम खाणे, बेदम, दमछाक सगळी तीच मंडळी. 'दमणं' मला 'दमन'च्या बाजूचं वाटतं, जोर खाली बसणं. आवाज सारखा म्हणून दोन्ही एकमेकांत मिसळले आणि आपल्याला दमलेला म्हणजे दम लागलेला असंच ऐकू येतं. घोड्याच्या बाबतीत उपाय मात्र उलटे आहेत. दमलेल्याला तबेल्यात विश्रांती, दम्याच्या घोड्याला तबेल्याबाहेर मोकळी हवा.

डॉक्टर, जाळीबद्दल काकांनी लिहिलं ते बरोबर ना?

प्रतिसाद २ मधला व्हेट, पुन्हा

बरोबर. घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही, फक्त नाकाने, त्यामुळे टांगलेल्या जाळीत नाक खुपसून खातो तेव्हा गवतातली धूळ आणि बुरशी सरळ आत जाते, जमिनीवर टाकलेल्या गवतापेक्षा जास्त. काका, तेव्हा शहरातल्या व्हेटनेही बहुतेक विश्रांतीच सांगितली असती, हे मनाला लावून घेऊ नका. फक्त एक जोडतो, सगळीकडे मोकळं कुरण हेच औषध नसतं, अमेरिकेच्या आग्नेय भागात उन्हाळ्यात कुरणावरच भडकणारा दमा असतो. आपल्या पत्रकासाठी कोंडलेल्या तबेल्याचंच लिहा.

आणि 'ऊर फुटणे' वापरायचा मोह होईल, इंग्रजीत जुनं नाव साधारण तशाच अर्थाचं आहे. नको. ऊर फुटेस्तोवर पळवलं म्हणून झालं असं वाटतं आणि दोष कामावर जातो. दोष गवताच्या धुळीचा आहे.

मूळ लेखिका

सगळं धरून आत्ता पहिला परिच्छेद असा झालाय, बघा:

'काम कमी करणारा प्रत्येक घोडा दमलेला नसतो, त्याला दमा असू शकतो. उभा असताना त्याचे श्वास मोजा. खोकला किती वेळा आला ते लिहून ठेवा. सौम्य दमा डोळ्यांनी दिसत नाही, त्यासाठी डॉक्टर फुप्फुसाचं धुवण काढून त्यातल्या पेशी मोजतात. रक्तात मोजता येणाऱ्या खुणाही शोधल्या जात आहेत, पण धुवणाची गरज संपवेल अशी खूण अजून मिळालेली नाही. चांगल्या खुणेतून आजारी घोडा सुटत नाही आणि निरोगी घोडा अडकत नाही.'

प्रतिसाद ४

चांगलं झालंय बाई. फक्त गवत भिजवून द्या हे यात कुठेच नाही, ते 'श्वास मोजा'च्या लगेच नंतर घाला, कारण मोतद्दाराच्या हातात तेवढंच आहे आणि ते तो आज संध्याकाळीच करू शकतो.