रिॲक्शन शॉट उसना घेतला, तर ती खोटी साक्ष होते का?

पापडीकर (धागाकर्ता)
मी व्हिडिओ एडिटर. घर वसईत, काम अंधेरीत, बारा वर्षं झाली. मागे एका गाण्याच्या रिॲलिटी शोवर होतो (नाव नको). एका मुलीच्या प्रतिस्पर्ध्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. रशेसमध्ये (कच्च्या फुटेजमध्ये) ती त्या वेळी चक्क टाळ्या वाजवत होती. क्रिएटिव्ह म्हणाली, "यात काही मजा नाही. काहीतरी दे." मी दिलं. दोन तास आधी लायटिंग चालू असताना ती कंटाळून डोळे फिरवते, असा पावणेदोन सेकंदांचा तुकडा सापडला होता. गुण, लगेच हा तुकडा, खाली 'धडाम' म्युझिक. एपिसोड लॉक. प्रोमोतही तेच गेलं. पुढचा आठवडाभर लोकांनी तिला "जळकुटी" म्हणून सोलून काढलं.

कुमसाराला (पापांची कबुली द्यायला) गेलो, तर फादरांना आधी रिॲक्शन शॉट म्हणजे काय (घडतंय त्यावर माणसाचा चेहरा दाखवणं) ते समजावावं लागलं. मग ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आठवी आज्ञा." (बायबलच्या दहा आज्ञांतली, खोटी साक्ष देऊ नको, ती.)

माझं मत आता असं झालंय. मीडियातल्या ख्रिस्ती माणसाचा कस आपण भलत्याच जागी लावतो. उलटा क्रूस दाखवणारी हॉरर मालिका घ्यायची का, दारूची जाहिरात करायची का, यावर घरी तासन् तास बोलतो. (मालिकेतला फादर दर वाक्याला "माय चाइल्ड" म्हणतो, त्यावर तर बोलायलाच हवं. आमचे फादर "काय रे, कुठं गायब?" असं विचारतात.) पण खरा प्रश्न टाइमलाइनवर असतो: कट कुठं मारला, आणि कुणाच्या तोंडी काय घातलं. श्रद्धा तिथं आणायची नाही तर कुठं?

कटिंगचहा
आणू नकोस. माझे सीनियर पक्के नास्तिक आणि त्यांनी असा तुकडा आजवर एकदाही लावलेला नाही. याला साधी लाज म्हणतात, त्यासाठी आज्ञा पाठ असाव्या लागत नाहीत. आणि तू आज्ञा पाठ असूनही लावलासच की.

दुसरं, चॅनेलला "माझा धर्म" म्हणालास की तू अडचणीचा माणूस ठरतोस. "कोर्टात जाईल, लीगलला विचारा" म्हण. लगेच ऐकतात.

नगरचा मुद्रितशोधक
सलाम. आम्हा प्रॉटेस्टंटांत ती नववी, कॅथलिकांत आठवी. मोजणी वेगळी, शब्द तेच: शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको.

आयुष्यभर प्रुफं वाचली म्हणून सांगतो, बायबलातल्या उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात सर्पानं केलं ते संपादनच होतं. देवाची मनाई एका झाडापुरती. सर्प विचारतो, बागेतल्या कुठल्याच झाडाचं खाऊ नका असं म्हणाला काय तो? शब्द जवळजवळ तेच, फक्त 'एक' गाळला. पोप फ्रान्सिस यांनी २०१८च्या प्रसारमाध्यम दिनाच्या संदेशात फेक न्यूजवर लिहिताना हाच सर्प आणला होता, तेव्हा इथं कॅथलिकांशी माझं भांडण नाही.

मात्र पापडीकर, नोकरी सोडायचं मनात असेल तर ते नको. लूकच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा घ्यायला येतात आणि आम्ही काय करावं म्हणून विचारतात. बाप्तिस्मा देणारा योहान त्यांना जकातनाका सोडायला सांगत नाही. ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका, म्हणतो. बदनाम धंदा, पण त्यातही रेघ ओढता येते.

रशेसवाली
मी डॉक्युमेंटरी एडिट करते, आणि मला हा सगळा साळसूदपणा वाटतो. चाळीस तासांचं फुटेज चाळीस मिनिटांवर आणलं की मी एकोणचाळीस तासांच्या वर फेकलेलं असतं. कुठला कट निष्पाप आहे?

बायबलचंच बोलायचं तर येशूनं मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलणं, हे त्याचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांपैकी योहानानं (हा दुसरा योहान) दुसऱ्या अध्यायात घेतलंय, बाकी तिघांनी शेवटच्या आठवड्यात. क्रम हलवलाच ना कुणीतरी? शेवटी योहान मोकळेपणानं सांगतो की येशूनं केलेलं सगळं लिहायचं तर पुस्तकं जगात मावणार नाहीत. म्हणजे निवड आली. चार जणांनी चार एडिट केले आणि चर्चनं चारही ठेवले. मग पावणेदोन सेकंदांवर एवढं रडगाणं का?

पापडीकर
हे मला लागलं. दोन दिवस उत्तर देता आलं नाही.

क्रम हलवणं मीही रोज करतो, त्याचं ओझं वाटत नाही. पण पेत्रानं कोंबडा आरवायच्या आधी येशूला तीनदा नाकारलं, ते चारही शुभवर्तमानांत (त्या चार चरित्रांत) आहे. मंडळीच्या पुढाऱ्याचा सगळ्यांत लाजिरवाणा क्षण कुणी कापला नाही, हे एक. पण तो क्षण त्याचाच होता. येशूला धरून देणाऱ्या यहूदाचा चेहरा घेऊन पेत्रावर चिकटवला नव्हता. माझी रेघ इथं आहे: माणसानं केलेलं मी गाळेन, मागंपुढं करेन, त्यानं न केलेलं त्याच्या नावावर टाकणार नाही. टाळ्या गाळल्या असत्या तरी चाललं असतं. डोळे लावायचे नव्हते.

रशेसवाली
टाळ्या गाळून तिचा गंभीर चेहरा ठेवला असतास तरी लोक "जळकुटी"च म्हणाले असते. तुझी रेघ तुला झोप लागावी म्हणून आहे, तिच्यासाठी नाही.

पुणेरी_प्रेक्षक
मला भीती वेगळी आहे. आज हा श्रद्धेनं खोटा कट नाकारतो, छान. उद्या दुसरा त्याच्या श्रद्धेनं आंतरधर्मीय लग्नाचा सीन कापेल, तिसरा मांसाहारी जेवणाचा. प्रत्येकानं आपापला देव एडिट रूममध्ये आणला तर प्रेक्षकाला काय दिसणार?

नगरचा मुद्रितशोधक
रास्त भीती. पण उलटंही होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'सुवार्ता'चे संपादक होते. चर्चचं मासिक म्हटल्यावर नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) आणि सणांचे फोटो छापून भागलं असतं. त्यांनी वसईचं पाणी, जमीन आणि बागायत उचलून धरली, आणि ते श्रद्धेतूनच. फक्त ख्रिस्ती वाचकाची विहीर आटत नव्हती. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू म्हणून विरोध करणारेही निघाले होतेच.

माझी कसोटी सोपी आहे. श्रद्धेनं स्वतःचे हात बांधले तर चालेल. दुसऱ्याचे डोळे बांधायला निघाली तर नाही. आंतरधर्मीय लग्न कापणारा दुसऱ्या गटात जातो.

पुणेरी_प्रेक्षक
ऐकायला गोड आहे. कापणारा म्हणेल, मी माझेच हात बांधतोय.

कटिंगचहा
शास्त्र राहू दे. त्या मुलीला सांगितलंस का?

नगरचा मुद्रितशोधक
हो, तेच विचारणार होतो. बायबलातल्या जक्कय जकातदारानं नुसतं वाईट वाटून घेतलं नाही, चौपट परत करतो म्हणाला.

पापडीकर
परवा मेसेज केला. तुकडा मीच लावला, तू टाळ्या वाजवत होतीस, हे लिहिलं. चार तास नुसत्या निळ्या टिक. मग एकच ओळ आली: "ते टाळ्यांचं फुटेज मिळेल का?"

रशेस चॅनेलच्या मालकीचे. करारात सही आहे, एक फ्रेमही बाहेर काढता येत नाही.

रशेसवाली
आता बोल. तुझ्या रेघेच्या कुठल्या बाजूला आहे हे?

कटिंगचहा
ते नंतर भांडा. सीझन संपून चार महिने झाले असतील तर ड्राइव्ह रिकाम्या करायला घेतील. उद्या सकाळी पोस्ट हेडला (पोस्ट-प्रॉडक्शनच्या प्रमुखाला) फोन कर, तिच्याच नावानं लेखी विनंती जाऊ दे. तू मधे राहू नकोस.

पापडीकर
साडेनऊला करतो.