हीटेड ग्रिप: उजवी मूठ मनात येईल तेव्हा गरम होते, कंट्रोलर मधेच बंद पडतो. मदत हवी आहे

मंडळी, जरा डोकं लावा.

राहतो नाशिकला, काम पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये, सीझनला पहाटेच निघावं लागतं आणि निफाड तालुक्यातला जानेवारीचा गारठा काय चीज आहे ते तिकडच्यांना सांगायला नको, मणी तडकू नयेत म्हणून लोक बागेत शेकोट्या पेटवतात. म्हणून बाईकला बाहेरून घेतलेल्या हीटेड ग्रिप बसवून घेतल्या, पाच लेव्हलचा कंट्रोलर, डब्यावर १२ व्होल्ट ४५ वॅट लिहिलंय. सुरुवातीला झकास चालल्या.

आता दोन भानगडी आहेत. एक म्हणजे डावी मूठ व्यवस्थित तापते पण उजवी कधी गरम कधी थंडगार, आणि गंमत म्हणजे हायवेला एका रेसवर गाडी धरली की गार पडते, गावात कमीजास्त केलं की मधेच तापते. दुसरं, ओझरला वगैरे ट्रॅफिकमध्ये गाडी स्लोवर उभी राहिली की कंट्रोलरचा लाल दिवा लुकलुकतो आणि सगळंच बंद. बटण दाबलं की परत चालू, पुन्हा तेच. बॅटरी नवीन आहे, सेल्फ एका झटक्यात लागतो. विकणारा म्हणतो ग्रिपचा पूर्ण सेट बदला. एवढ्यासाठी सगळा सेट बदलायचं पटत नाहीये. मल्टिमीटर आहे घरी, काय कुठे तपासू?

रानवारा: मी तर म्हणतो डिलिव्हरीवाली पोरं लावतात ते हँडलचे कव्हर लाव, दोनचारशेत काम. ग्रिप तापली तरी तळहातच शेकतो, वारा लागतो बोटांच्या पाठीला.

फ्यूजउडाला: रानवारा, मुद्दा बरोबर आहे, हँडगार्ड नसेल तर हीटेड ग्रिपची अर्धी मजा जाते. पण भाऊ विचारतोय काय आणि आपण सांगतोय काय.

हे दोन वेगळे फॉल्ट आहेत, एकत्र धरू नका. उजवी बाजू म्हणजे अ‍ॅक्सिलेटर, ती मूठ दिवसभर फिरते आणि तिच्यासोबत वायर वाकते, त्यामुळे दहातल्या आठ वेळा वायर तिथेच आतून तुटते. वरून प्लॅस्टिक एकदम शाबूत दिसतं. किल्ली बंद करा, दोन्ही मुठींचे कपलर काढा, मीटर ओहमवर ठेवून आधी डावी मोजा. ४५ वॅटचा जोड, म्हणजे एका मुठीला साधारण २२, दोन्ही पॅरलल (म्हणजे प्रत्येकीला वेगळा सप्लाय) असतील तर प्रत्येकी ७-८ ओहमच्या आसपास यायला हवं. मग उजवीला मीटर लावून मूठ हळूहळू पूर्ण फिरवा आणि आकड्याकडे बघत राहा. एक ग्रिप चालून दुसरी बंद पडतेय म्हणजे पॅरललच आहे, सिरीज (एकीतून करंट दुसरीत) असती तर दोन्ही एकदम गेल्या असत्या.

दिवा लुकलुकतो ते लो व्होल्टेज कटऑफ. तुमची बॅटरी उतरू नये म्हणून कंट्रोलर स्वतःच बंद होतो. पण बॅटरी चांगली असेल तर व्होल्टेज वाटेत कुठेतरी खाल्लं जातंय. गाडी चालू ठेवून, ग्रिप फुलवर, बॅटरीच्या टोकांवर मोजा आणि लगेच कंट्रोलरच्या इनपुटला मोजा. लोड चालू असतानाच मोजायचं, नुसतं मोजलं तर दोन्हीकडे सारखंच दिसेल आणि तुम्ही म्हणाल सगळं ठीक आहे. सप्लाय कुठून घेतलाय?

मूळ धागाकर्ता: सप्लाय फिटरने टेललाईटच्या वायरला टाका मारून घेतलाय, सोललेली वायर गुंडाळून वर काळी टेप.

आकडे असे: डावी ७.८ ओहम, मूठ फिरवली तरी हलत नाही. उजवी सोडलेल्या जागी ८.१, पाव फिरवली की मीटर ओएल (म्हणजे सर्किट तुटलेलं) दाखवतो, पूर्ण फिरवली की परत ८! स्लोवर बॅटरीला १३.२ आणि कंट्रोलरला ११.३. रेस दिल्यावर बॅटरीला १४.१, कंट्रोलरला १२.१.

फ्यूजउडाला: घ्या, सापडलं दोन्ही. दोन व्होल्ट टेललाईटच्या त्या बारक्या वायरीत आणि टेपखालच्या टाक्यात जातायत. तुमच्या ग्रिप साडेतीन अँपिअरच्या आसपास ओढतात, ती वायर त्यासाठी नाहीच. टाका मोकळा करा, बॅटरीवरून थेट १.५ स्क्वेअर मिमीची वायर, बॅटरीजवळच ५ अँपिअरचा फ्यूज, मधे चार पिनचा रिले, म्हणजे थोड्या करंटवर ओढला जाऊन मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. टेललाईटची वायर फक्त रिले ओढायला वापरा म्हणजे किल्ली काढली की ग्रिप बंद. अर्थिंगसुद्धा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या, रंगवलेल्या चासीच्या बोल्टला नको.

उजव्या वायरला अंगठ्याने दाबत चला, जिथे एकदम मऊ लागेल तिथे तांबं तुटलंय.

मूळ धागाकर्ता: मुठीपासून दोन बोटं अंतरावर झिपटाय करकचून बांधलाय ब्रेकच्या पाईपला, बरोब्बर त्याच्या तोंडाशी मऊ लागतंय. सोलून बघितलं तर आत तांब्याचे दोनचार केस शिल्लक, तेही हिरवे. तिथेच सोल्डर करून स्लीव्ह चढवू का?

घाटमाथा: तिथे नको! सोल्डर केलेली जागा कडक होते आणि बरोबर तिच्या शेजारी परत तुटते. मुठीतून बाहेर आलेली चांगली वायर जेमतेम राहते तेवढी ठेवून पुढे मऊ सिलिकॉनची वायर जोडा, जोड मुठीच्या बुडाशी मुठीसोबतच फिरेल असा चिकटवा, म्हणजे वाकणं सगळं नव्या वायरीत जाईल. मग मोठा वळसा देऊन टाय लांब बांधा. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, हँडल डावीकडे पूर्ण आणि उजवीकडे पूर्ण वळवून दोन्हीकडे मूठ सोडून बघा, टचकन मागे यायला पाहिजे. वायर अडकून रेस उघडी राहिली तर गार बोटं परवडली.

मूळ धागाकर्ता: झालं दोन्ही. रिले सीटखाली बसवला. स्लोवर कंट्रोलरला १३ येतंय, दिवा लुकलुकायचा थांबलाय, उजवी कशीही फिरवा ८ वरच. पण आता डावी उजवीपेक्षा थोडी कमी तापते असं वाटतंय, माझ्या मनाचे खेळ का?

फ्यूजउडाला: मनाचे नाहीत. डावी मूठ थेट लोखंडी हँडलवर बसते, ते उष्णता ओढून घेतं, उजवीखाली प्लॅस्टिकची नळी आहे. पुढे कधी ग्रिप काढाल तेव्हा डावीखाली हीट श्रिंकचा (गरम केली की आवळते ती प्लॅस्टिकची नळी) एक थर चढवा. तोवर कंट्रोलर एक लेव्हल वर ठेवा.