गुळाचा मसाला चहा फाटतोय, आणि फाटला नाही तरी हिला आवडत नाही

वडगावकर

नमस्कार. प्रश्न चहाचा आहे, पण माझ्यासाठी लहान नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी बेळगावचा. वडगावात आमचे साडीचे माग होते. सकाळी माग सुरू व्हायच्या आत घरातून चहाची किटली यायची, सगळ्या कामगारांना पुरेल एवढी. तो चहा हिच्या हातचा. गुळाचा, आल्याचा, वर घरी केलेला मसाला. ३४ वर्षं मी तो प्यालो, पण ही काय घालते, कधी घालते हे चुलीजवळ उभं राहून एकदाही बघितलं नाही.

जूनमध्ये ही न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत येते. स्वयंपाकाला बाई आहेत, पण त्या नऊला येतात. सकाळी सहाचा आणि दुपारी चारचा चहा माझ्याकडे आलाय. ही दोन घोट घेते, "बरा झालाय" म्हणते आणि कप बाजूला ठेवते. खरंच बरा झाला असता तर बशीत ओतून सगळा प्याली असती, एवढं मला कळतं.

मी करतो ते असं. एक कप पाणी, एक कप दूध एकाच पातेल्यात. त्यातच किसलेलं आलं, दोन चमचे पत्ती, गुळाचा खडा, चिमूटभर मसाला. मंद गॅसवर ठेवतो. आठवड्यातून तीनदा तरी फाटतो. कधी बारीक कण दिसतात, कधी सरळ चोथा आणि पाणी. साखर घातली तर कमी फाटतो, पण हिला साखरेचा चहा चालत नाही. फाटला नाही तरी रंग मळकट, वास असा येतच नाही. दूध म्हशीचं, येळ्ळूरहून येतं, गवळी पहाटे पाचला घालून जातो. पत्ती तीच, गूळ त्याच दुकानातला. हिला विचारलं तर म्हणते, "मोजून कुठं केलाय ओ मी कधी. हाताला कळतंय की."

माझ्या हाताला कळत नाही, तर मी मोजून करीन. मागावर आयुष्यभर तारा मोजल्यात. कुठं चुकतंय ते सांगा.

खानापूरची लेक

काका, आधी आल्याचं बघा. कच्चं आलं दुधात घालून मंद गॅसवर ठेवलं तर दूध फाटायची भीती असतेच. आल्यात दुधाचं प्रथिन तोडणारं एक एन्झाइम असतं, झिंजिबेन म्हणतात त्याला. ६० अंशांच्या आसपास ते जोरात काम करतं आणि उकळीत मरतं. तुमचं दूध मंद गॅसवर नेमकं त्याच गरमीत रेंगाळतंय. चीनमध्ये ग्वांगडोंगकडे आल्याच्या रसावर गरम दूध ओतून मुद्दाम असं घट्ट करतात आणि गोड म्हणून खातात. चहात मात्र ते नको. म्हणून आलं नुसत्या पाण्यात, खळखळ उकळीत तीन-चार मिनिटं. दोन कपांना अर्धा इंच पुरे, ठेचून घाला.

आमच्या आज्जीचं घर जांबोटीच्या वाटेवर. पावसात तिथं चार-चार दिवस ऊन दिसत नाही, चूल दिवसभर धगधगत असते आणि तिच्या एका अंगाला चहाचं पातेलं कायम. परसात गवती चहाचं बेट होतं. पावसाळ्यात आलं आणि गवती चहा, थंडीत सुंठ आणि मिरी, असा तिचा हिशोब. गवती चहाची पात धुऊन तिला गाठ मारायची आणि पाण्यात सोडायची, म्हणजे उकळल्यावर चिमट्याने एका झटक्यात निघते. गूळ तिने कधी पातेल्यात घातला नाही. कपात किसलेला गूळ आणि वरून चहा. आम्ही पोरं तळाचा गूळ बोटाने चाटायचो.

मसाला मी असा करते: सुंठ ५० ग्रॅम, वेलदोडे २० ग्रॅम, काळी मिरी १० ग्रॅम, दालचिनी ५ ग्रॅम, दहा-बारा लवंगा, पाव जायफळ. दोन कपांना पाव चमचा, आलं घातलं असेल तर त्याहून कमी, नाहीतर घसा जळतो. दालचिनी-लवंगेला उकळी लागते, वेलदोड्याचा वास मात्र उकळीत उडून जातो. म्हणून मसाल्यात वेलदोडे असले तरी एक वेगळा, सालीसकट ठेचून, गॅस बंद करताना घाला आणि वर झाकण ठेवा. वास येत नाही म्हणता, त्याला एवढं पुरेल.

काकूंना लवकर चालता येऊ दे.

निपाणीचा चहावाला

पुणे-बेंगळूर रस्त्याला माझी चहाची गाडी आहे, ११ वर्षं झाली. मला माहीत आहे तेवढं सांगतो.

पत्ती दाणेदार घेता की डस्ट? दोन्ही सीटीसीच, म्हणजे दातेरी रुळांत चिरडून, फाडून, वळवून केलेली. ही रीत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. दाणेदार पत्ती सावकाश उतरते, डस्ट पटकन रंग सोडते पण पाण्यात जास्त उकळली की तुरट होते. मी दोन वाटे दाणेदार आणि एक वाटा डस्ट मिसळतो. घरी दोन कपांना दोन सपाट चमचे, आणि दूध घालायच्या आधी दीड-दोन मिनिटांच्या वर उकळू नका. दूध पडलं की तुरटपणाची काळजी कमी होते, दुधातलं प्रथिन तो धरून ठेवतं.

म्हशीच्या दुधाला बरोबरीचं पाणी कमी पडतं. त्यात फॅट सहा-सातच्या घरात, चहा जिभेवर साय धरल्यासारखा बसतो आणि मसाला कळत नाही. सव्वा कप पाणी, पाऊण कप दूध घ्या. दूध आधी वेगळं तापवलेलं असू दे. मग मोठ्या गॅसवर तीन उकळ्या, दर उकळीला डावाने वर ओढून खाली सोडायचा.

आता माझा प्रश्न. पाणी कुठलं वापरता? मळकट रंग म्हणालात म्हणून विचारतो. मी एक पावसाळा संकेश्वरजवळ गाडी लावली होती, तिथं बोअरचं पाणी होतं. पत्ती तीच, दूध तेच, पण चहाला लाली चढायची नाही आणि पातेल्याच्या कडेला तांबूस पापुद्रा धरायचा. गिऱ्हाईक अर्धा कप ठेवून जायचं. चार महिने मी पत्ती बदलत बसलो, शेवटी जागा बदलली तेव्हा चहा सुधारला. जड पाण्यात चहाचा रंगही मरतो आणि वासही.

हुक्केरीचा गुऱ्हाळवाला

वडगावकर, गुळाबद्दल कुणीतरी सांगायला पाहिजे म्हणून लिहितो.

नवा गूळ दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. आता आषाढात दुकानात मिळतो तो साठवणीचा. पावसाळी हवेतलं पाणी ओढून गूळ पाघळतो आणि हळूहळू आंबतो. मुळात उसाचा रसच आंबूस असतो, ती आंबटी मारायला काहिलीत चुना घालतात आणि मळी वर यायला रानभेंडीचा चिकट रस. चुना कमी पडला तर गूळ आंबूस राहतो, जास्त पडला तर काळा होतो. बेत साधणारा गुळव्या असला तरच गूळ टिकतो. उकळतं दूध थोडीशी आंबटीही सोसत नाही. तुमचं दूध पहाटे पाचचं, ते तापवता कधी? तासभर कच्चं राहिलं असेल तर तेही थोडं आंबटीकडे झुकलेलं असतं. वर असला गूळ पडला की फाटणारच.

रंग बघून गूळ घेऊ नका. पिवळाधमक दिसावा म्हणून पुष्कळ ठिकाणी हायड्रोस पावडर टाकतात. खडा मोडून बघा. कडकन तुटला, आत कणी दिसली तर चहाला घ्या. बोटाला चिकटला, वास ताडीसारखा आला तर आमटीत संपवा. घरात हवाबंद डब्यात ठेवा. आणि गूळ घालायचा तो गॅस बंद करून, मिनिटभर थांबून. त्यानंतर पुन्हा उकळी नको. उरलेला गुळाचा चहा गरम करायला ठेवलात तर तो हमखास फाटेल.

वडगावकर

चार दिवस तुमच्या सांगण्याप्रमाणे करून मग लिहितोय. तिघांचेही मनापासून आभार.

चहावाले भाऊ, तुमचा पाण्याचा प्रश्न वाचला आणि मी उठून हिच्याकडे गेलो. गेल्या दसऱ्याला आम्ही वडगावचं घर सोडून अनगोळकडे फ्लॅटमध्ये आलो. वडगावात आड होता. इथं स्वयंपाकघरातल्या नळाला बोअरचं पाणी, आणि राकसकोप धरणाचं पाणी येतं त्या दिवशी ते पिण्यासाठी भरून ठेवतो. मी चहाला नळ सोडत होतो. ही म्हणाली, "इथं आल्यापासून चहा कळशीतल्या पाण्याचाच करत होते की. तुम्ही पाण्याचं विचारलंच नाही." खरंय. काय घालतेस ते विचारलं, कशात करतेस ते विचारलं नाही.

पहिल्या दिवशी फक्त पाणी बदललं आणि आलं पाण्यात उकळलं. रंग लगेच उजळला. तरीही गूळ घातल्यावर फाटला. मग डबा उघडून गुळाचा वास घेतला, आंबूसच होता. रविवार पेठेत जाऊन खडे मोडून बघून कडक गूळ आणला. दूध आता पाचला आल्या आल्या तापवतो. त्यानंतर एकदाही फाटला नाही.

काल सकाळी हिने स्वतःहून सांगितलं, बाल्कनीतल्या फुटक्या बादलीतलं एक पान घाला. मी त्या बादलीतलं गवत समजून दोनदा उपटायला निघालो होतो. वडगावच्या परसातला गवती चहा आहे तो, येताना मुळासकट आणलेला. पानाला गाठ मारून सोडलं. सगळ्या खोलीत वास सुटला. हिने कप घेतला, बशीत ओतला, फुंकून सगळा प्याली. मग म्हणाली, "आलं जरा जास्त झालंय ओ." चौतीस वर्षांत तिच्या चहाला मी कधी असं काही म्हटलं नाही, आणि तिने माझ्या चहाला म्हटलं याचाच आनंद झाला. आता आलं पाव इंच घालतोय.

एक शेवटचं विचारतो. रविवारी मागावरचे जुने कामगार हिला बघायला येणार आहेत. आम्ही धरून आठ कप होतील. सगळं चारपट करायचं का?

निपाणीचा चहावाला

चारपट नको. मोठ्या पातेल्यात आटणं कमी होतं. पाणी पावणेपाच कप, दूध तीन कप, पत्ती सात चमचे. आलं आणि मसाला अडीचपट घालून बघा, कमी वाटला तर मसाला वाढवता येतो. गूळ पातेल्यात घालूच नका, प्रत्येकाच्या कपात वेगळा घाला. कामगार मंडळी गोड जास्त घेतात, त्यांना विचारून घाला.

खानापूरची लेक

आणि काका, आठ कपांना गवती चहाची दोन पानं.